आठ महिने पाळी नाही, सोनोग्राफीत पीसीओडी आणि "मेंदूतून हॉर्मोन कमी": यातलं खरं काय?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वयाने माझ्या मुलीएवढी आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. तू लिहिलंयस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर सांगता येईल.

वय २३, उंची १६० सेंटिमीटर, दीड वर्षापासून पोलीस भरतीची तयारी. वजन ५६ वरून ४५ किलोवर. तेराव्या वर्षापासून पाळी वेळच्या वेळी, आणि आता आठ महिने नाहीच. पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पीसीओडी (बीज धड पिकत नाही आणि बीजांडकोशात बारीक पिशव्या दिसतात ते दुखणं) सांगितलं, वजन आटोक्यात ठेव म्हणाले आणि तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांवर पाळी आली, गोळ्या संपल्या तशी पुन्हा बंद. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि "मेंदूतूनच हॉर्मोन कमी येतंय" म्हणाले. आता तुला तीन गोष्टी विचारायच्यात: मेंदूत बिघाड आहे का, पुढे मूल होईल का, आणि दोघांपैकी कुणाचं ऐकायचं. शिवाय जाता जाता एक ओळ, की डावी नडगी दुखते पण ते सरावाचं असेल.

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण दोन डॉक्टरांची निदानं एकमेकांच्या उलट आहेत आणि उपायही उलट. एकात वजन उतरवायचं असतं, दुसऱ्यात वाढवायचं. चुकीच्या बाजूला गेलीस तर प्रामाणिकपणे सगळं पाळूनही दुखणं वाढत जाईल. नडगीवर शेवटी येते.

मी पश्चिम महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावी २४ वर्षं स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. भरतीची जाहिरात निघाली की पुढच्या काही महिन्यांत माझ्या ओपीडीत तुझ्यासारख्या चार-सहा मुली हमखास येतात. तरी तुला मी तपासलेलं नाही, त्यामुळे खाली जिथे "असेल तर" म्हणते तिथे ते "तर" नीट वाच.

आधी ते हॉर्मोन. त्याचं नाव जीएनआरएच. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढा भाग आहे, तिथल्या काही पेशी ते तयार करतात. काही म्हणजे किती? मेंदूत एकूण ८,६०० कोटींच्या आसपास चेतापेशी, त्यात या फक्त हजार-दोन हजारांच्या घरात. जीएनआरएच बारीक रक्तवाहिन्यांतून खालच्या पिट्यूटरी ग्रंथीत उतरतं. पिट्यूटरी मग एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोनं रक्तात सोडते, त्यांच्या सांगण्यावरून बीजांडकोशात बीज वाढतं, तिथून इस्ट्रोजेन येतं, त्यावर गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की ते गळून पडतं. आपण ज्याला पाळी म्हणतो ती या साखळीची शेवटची कडी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा प्रकार.

हे हॉर्मोन शोधायला काय यातायात झाली ते वाचण्यासारखं आहे. अमेरिकेत अँड्र्यू शॅली डुकरांचे आणि रॉजर गिलेमिन मेंढ्यांचे मेंदू लाखांच्या हिशेबात गोळा करत होते, दोघांत चढाओढ. १९७१ मध्ये त्याची रचना कळली, अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी, आणि १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पण डॉक्टर म्हणून मला जास्त उपयोगी पडतो तो अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडिणींवर केलेला आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. ज्यांच्या मेंदूतून जीएनआरएच येणं बंद केलं होतं त्यांना त्यांनी ते बाहेरून सतत दिलं, तर एलएच-एफएसएच वाढण्याऐवजी पडले. तेच तासाला एकदा, थोडा वेळ सोडून बंद, असं दिलं तर सगळं सुरळीत.

आमच्या उसाच्या भागात हे समजावणं सोपं जातं. पाटाचं पाणी आवर्तनानेच द्यायचं असतं. सलग सोडत राहिलं तर रान चिबडतं आणि ऊस पिवळा पडतो. फार दिवस आलंच नाही तर वाळतो. गंमत म्हणजे शेतकरीही त्याला पाण्याची पाळीच म्हणतात. पिट्यूटरीचं तसंच आहे. पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत साधारण ६० ते ९० मिनिटांनी जीएनआरएचचा एक झोत यावा लागतो, बीज सुटल्यानंतर हे अंतर आपोआप वाढून काही तासांवर जातं. हा झोत मुद्दाम सलग ठेवून पिट्यूटरीला झोपवण्याचा औषध म्हणूनही वापर होतो: टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, एंडोमेट्रिओसिसमध्ये (अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं ते दुखणं), फार लवकर वयात येणाऱ्या मुलींमध्ये, पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये.

तू विचारशील, मग या हॉर्मोनचीच तपासणी करून घेऊ का? नको. ते रक्तात दोन-चार मिनिटं टिकतं आणि दंडाच्या शिरेपर्यंत पोचेतो इतकं पातळ होतं की त्याचा आकडा कामाचा नसतो. आम्ही ते एलएच आणि एफएसएचवरून ओळखतो, जसं धरणावर न जाता पाटाच्या पाण्यावरून कळतं.

आता कळीचा भाग. हे झोत मंदावले की पाळी जाते. आणि पीसीओडीत? तिथे बहुतेक वेळा ते गरजेपेक्षा भरभर येतात, त्यामुळे एलएच वाढतो, बीज धड पिकत नाही आणि पाळी लांबते. म्हणजे हॉर्मोन एकच, बिघाड दोन टोकांचे, आणि बाहेरून दिसणारं लक्षण एकच: पाळी चुकली. सोनोग्राफीही फसवते. बारीक बारीक पाण्याच्या पिशव्यांची माळ पीसीओडीत दिसते, तशी ती उपाशी शरीरातल्या थांबलेल्या बीजांडकोशातही बऱ्याचदा दिसते, कारण बीजं रांगेत उभीच आहेत, पुढे जायचा हुकूम येत नाही.

तू सोनोग्राफीचा रिपोर्ट जसाच्या तसा उतरवून दिलास ते बरं केलंस. त्यात "पॉलिसिस्टिक" हा शब्द ठळक आहे आणि खाली बारीक अक्षरात गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ३.२ मिलिमीटर. माझं लक्ष तिथे गेलं. पीसीओडीत इस्ट्रोजेन सहसा असतं, त्यामुळे पाळी आली नाही तरी अस्तर वाढलेलं सापडतं. आठ महिने पाळी नाही आणि अस्तर कागदासारखं, याचा अर्थ इस्ट्रोजेनच नाही. रक्ताचे आकडेही त्याच दिशेला: एलएच अवघा १.१, एफएसएचही न वाढलेलं, ४.२, इस्ट्रोजेन यंत्राच्या खालच्या मर्यादेला टेकलेलं. चेहऱ्यावर जाड केस, मोठाले मुरूम वगैरे काही नाही म्हणतेस. दुसऱ्या डॉक्टरांचं बरोबर वाटतंय. दोन्ही दुखणी एकाच मुलीत असू शकतात, आधी पीसीओडी आणि वर ही उपासमार, पण तुझी पाळी दहा वर्षं घड्याळासारखी होती, तेव्हा तीही शक्यता कमी.

पहिल्या डॉक्टरांवर मी चिडणार नाही, कारण हीच चूक मी केली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात कथक शिकणारी एक मुलगी आली होती, काटकुळी, पाळी बंद. सोनोग्राफीतली माळ बघून मी पीसीओडी लिहिलं आणि वर "वजन वाढू देऊ नकोस" असा सल्लाही दिला. दोन वर्षांनी ती पायाच्या हाडाला चीर पडलेली घेऊन परत आली. तेव्हापासून रिपोर्टच्या आधी मी मुलीच्या मनगटाकडे बघते.

मेंदूत बिघाड आहे का, याचं उत्तर आता देता येईल. तुझ्या मेंदूने हिशेब करून निर्णय घेतलाय. दुष्काळी साली गावात लग्नं पुढे ढकलतात ना, तसा. शरीरात चरबी किती, आज पोटात काय गेलं, ताण किती, याची खबर लेप्टिन, इन्शुलिन, कॉर्टिसॉल अशा हॉर्मोनांतून मेंदूला जाते. पण जीएनआरएचच्या पेशींना लेप्टिन थेट वाचताच येत नाही. मध्ये किसपेप्टिन नावाचा निरोप्या आहे. त्याचं जनुक १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात कॅन्सरच्या संशोधनात सापडलं आणि त्या गावच्या 'किसेस' चॉकलेटवरून नाव पडलं. २००३ मध्ये कळलं की ज्यांच्यात किसपेप्टिनचा निरोप घेणारा दरवाजा जन्मतः नादुरुस्त असतो ती मुलं वयातच येत नाहीत. तुझा दरवाजा ठीक आहे, नाहीतर तेराव्या वर्षी पाळी आलीच नसती. निरोप्याला सध्या घरातून चांगली बातमी मिळत नाहीये, एवढंच.

(एक अवांतर. या पेशी गर्भात नाकाच्या जागी जन्मतात आणि तिथून चालत मेंदूत जातात. वाटेत अडकल्या तर मूल वयात येत नाही आणि त्याला वासही येत नाही. म्हणून कधीच पाळी न आलेल्या मुलीसाठी माझ्या टेबलाच्या खणात कॉफीची पुडी असते. आया बुचकळ्यात पडतात, पाळी दाखवायला आलो आणि बाई कॉफी हुंगायला काय देतात.)

बातमी चांगली का नाही, ते तुझ्याच आकड्यांवरून बघू. पहाटे पाचला उपाशीपोटी पळणं, नंतर मध-लिंबू पाणी. दहाला एक बशी पोहे. दुपारी एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकीची वाटी. संध्याकाळी एक केळं आणि पुन्हा मैदान. रात्री काकडी-टोमॅटो आणि ताक. दोन कप चहा. ढोबळमानाने हे ११०० कॅलरी होतात, सोमवार आणि चतुर्थीला त्याहून कमी. दिवसाला ८-९ किलोमीटर पळण्यात ४०० च्या आसपास जातात. उरल्या ७००. तुझ्या ४५ किलोतली चरबी वजा केली तर साधारण ३७ किलो शरीर उरतं. म्हणजे किलोमागे १९ कॅलरी. प्रयोगांमध्ये हा आकडा ३० च्या खाली गेला की अवघ्या पाच दिवसांत एलएचचे झोत विस्कटू लागलेले दिसलेत, आणि सगळं व्यवस्थित चालायला ४५ च्या आसपास लागतात. तीस ही काही चाकूने आखलेली रेघ नाही, कुणी पंचविसावर तग धरते, कुणी पस्तिसावर कोसळते. पण एकोणीस म्हणजे एकोणीस.

वजन हा एकच निकष नसतो, हेही सांगते. माझ्याकडे ५५ किलोच्या मुली याच कारणाने आल्यात, खर्च जास्त आणि खाणं कमी, किंवा खाणं ठीक पण घरात कुणी गेलेलं, परीक्षा नापास, झोप चार तास. त्यामुळे "मी काही फार बारीक नाही, मग मला कसं होईल" असं वाचणाऱ्या कुणी समजू नये.

इथवरचं एका दमात सांगते: मेंदूतले झोत मंदावलेत, बीजांडकोश आणि गर्भाशय शाबूत आहेत, कारण बहुधा उपासमार, आणि पीसीओडीचं लेबल तुला लागू दिसत नाही. "बहुधा" अशासाठी, की हे निदान बाकीची कारणं वगळूनच करायचं असतं.

ती वगळताना सगळ्यात पहिली लघवीची गरोदरपणाची तपासणी. लग्न झालेलं नाही म्हणून डॉक्टर विचारायला लाजतात आणि मुली सांगायला, पण ती मी प्रत्येकीची करते. थायरॉइड तुझं ठीक आहे. राहिलं प्रोलॅक्टिन. हेही मेंदूच्या पिट्यूटरीतून येणारं हॉर्मोन, दूध आणणारं, आणि ते वाढलं की किसपेप्टिनवर दडपण येऊन जीएनआरएचचे झोत थांबतात. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते ती याच वाटेने. तुझं १४ आहे, छान. तरी विचारते, पित्तासाठी रोज सकाळी एखादी कॅप्सूल घेतेस का? उपाशी पळणाऱ्या निम्म्या मुली घेतात. ज्या कॅप्सूलच्या नावापुढे "डी" असतो त्यात सहसा डोमपेरिडोन असतं, काहींत लेव्होसल्पिराइड, आणि ही दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. सहा महिने कुणी पाळीसाठी हिंडतंय आणि कारण औषधाच्या डब्यात, असं मी पाहिलंय. मानसोपचाराच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत, देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं. सतत डोकं दुखणं, बाजूचं कमी दिसणं, छातीतून दूध येणं, यातलं काही असेल तर मेंदूचा एमआरआय लागतो. तुला यातलं काही नाही, तेव्हा उगाच सात-आठ हजार घालवू नकोस.

आता गोळ्या. त्या तीन महिन्यांत जे अंगावरून गेलं ती पाळी नव्हती. गोळीतल्या हॉर्मोनने अस्तर वाढलं, गोळी थांबली, ते गळलं. मेंदूचा त्यात काही सहभाग नव्हता. उलट बाहेरून हॉर्मोन येतंय म्हटल्यावर तो आणखी निवांत झाला. (जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांचं असंच होतं. दंड फुगतात, मेंदू म्हणतो पुरे झालं, आणि वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य. लग्नानंतर दोन वर्षांनी बायकोला घेऊन येतात, तपासणी मात्र बायकोची करा म्हणतात.) अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ मध्ये या दुखण्यावर जी मार्गदर्शक सूत्रं काढली त्यांतही केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत असंच म्हटलंय. घरच्यांना दर महिन्याला डाग दिसला की बरं वाटतं, हे मला कळतं. पण त्या डागाने खरी गोष्ट झाकली जाते.

खरा उपाय ऐकायला इतका साधा आहे की लोकांना फी देऊन तो ऐकायचा नसतो: जास्त खा, कमी पळ, झोप. पळायच्या आधी केळं आणि दोन खजूर, आल्यावर लगेच दोन अंडी किंवा शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू आणि दूध. दुपारी दोन भाकऱ्या, वर तूप. रात्री काकडी नको, वरण-भात आणि दही. एकदम सगळं झेपणार नाही, दर आठवड्याला दोनशे-तीनशे कॅलरी वाढवत दोन हजारांच्या पुढे जायचं. मैदान निम्म्यावर आण. तुझ्या भरतीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक आहे, त्यासाठी रोज नऊ किलोमीटर कशाला पळतेस? गोळा ४५ किलोच्या मुलीच्या हातून लांब जात नाही, हे तुझ्या सरांनाही माहीत असायला हवं. आणि उपास तूर्त बंद. आई नाराज झाली तर माझं नाव सांग.

वजन किती? तुझ्या उंचीला साडेसत्तेचाळीस हे किमान, पण पाळी बहुतेक मुलींची ज्या वजनाला गेली त्याच्या जरा वर येते. तुझी पाळी कोणत्या वजनाला गेली ते आठव, तो आकडा माझ्यापेक्षा तुलाच सापडेल. वेळ लागतो. तीन महिन्यांत आली तर नशीब, सहा महिने ते वर्षही लागतं. रोज काट्यावर उभी राहू नकोस.

भाताचं ताट समोर आल्यावर धडधडत असेल, खाल्लेलं मोजल्याशिवाय झोप लागत नसेल, तर मानसतज्ज्ञाकडे जा, आणि तो कमीपणा समजू नकोस. २००३ चा एक छोटा अभ्यास आहे, सोळा बायकांचा. आठ जणींना वीस आठवडे बोलण्याचे उपचार दिले, आठ जणींवर नुसतं लक्ष ठेवलं. पहिल्या गटात सात जणींचे बीजांडकोश पुन्हा कामाला लागले, दुसऱ्यात दोघींचे. संख्या लहान आहे, पण माझ्या ओपीडीतला अनुभव वेगळा नाही.

मूल होईल का? कारण हेच असेल तर बहुतेक मुलींना होतं, आणि वजन-खाणं सुधारल्यावर पुष्कळदा औषधाशिवाय. अडलंच तर एफएसएच-एलएचची इंजेक्शनं आहेत. पिट्यूटरीचं काम बाहेरून केलं की बीजांडकोश ऐकतात. लेट्रोझोलसारख्या गोळ्या, ज्या पीसीओडीत छान चालतात, त्या इथे सहसा निरुपयोगी, कारण त्या इस्ट्रोजेन कमी करून मेंदूला डिवचतात आणि तुझ्यात कमी करायला इस्ट्रोजेनच नाही. दर ९० मिनिटांनी जीएनआरएच सोडणारा छोटा पंपही असतो, तर्काने तोच सगळ्यात योग्य, पण सहज मिळत नाही. एक मात्र लक्षात असू दे, आणि लग्न झालेल्या मैत्रिणींनाही सांग: बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. पाळी बंद म्हणून निर्धास्त राहिलेल्या दोघी-तिघी माझ्याकडे थेट गरोदर होऊन आल्यात.

मुलाची काळजी मात्र चार-पाच वर्षांनंतरची. हाडं आज झिजताहेत. तुझ्या वयात हाडांची ठेव अजून भरायची असते, आणि इस्ट्रोजेन नसेल तर भरणं थांबून उलट काढणं सुरू होतं. सहा महिन्यांहून जास्त पाळी नसेल तर मी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, करायला सांगते. तुझे आठ झालेत. ड जीवनसत्त्वही तपास. सहा महिने ते वर्षभर सगळं करूनही पाळी आली नाही तर हाडांसाठी त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेन आणि सोबत अधूनमधून प्रोजेस्टेरॉन, हा पुढचा टप्पा, तो तुझ्या डॉक्टरांशी बोलून.

आणि ती नडगी. आज संध्याकाळी एका बोटाने हाड दाबत खाली ये. सगळीकडे सारखं दुखत असेल तर ते बहुतेक सरावाचं. पण एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, दाबल्यावर कळ येत असेल, किंवा रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. साध्या एक्स-रेत ती सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" ऐकून मैदानावर परत जाऊ नकोस. हाडांच्या डॉक्टरांना पाळी आठ महिने बंद आहे हे आवर्जून सांग, ते विचारणार नाहीत. बाकीचं सगळं महिनाभर इकडेतिकडे झालं तरी चालेल. हे या आठवड्यात दाखव, आणि तोवर पळू नकोस.